मापाची काठी

माणगावात एक घर आहे. त्या घरी जाऊन मला एवढंच सांगायचं होतं, की तुमच्या मुलाची चूक नव्हती, चूक माझी होती. तोंडातून काढायला दहा सेकंद लागतील असं वाक्य. ते काढायला मला तीन वर्षांहून जास्त लागली. तेवढ्या काळात मी स्वतःला जितक्या शिव्या घातल्या तितक्या जन्मात दुसऱ्या कुणाला घातल्या नसतील, आणि मी काही गोड बोलणारा माणूस नाही.

सध्या मी रेवदंड्याच्या धक्क्यावर मासेमारीच्या बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. येणारा-जाणारा विचारतो, "काय रे, तू तर इमान चालवायचास ना? मग हितं ग्रीसमध्ये हात कशाला घालतोस?" मी म्हणतो, विमानाचं सोड, तुझं इंजिन चालू झालं ना, मग नीघ. चहाच्या टपरीवर माझ्या पाठीमागे काय बोलतात ते मला ठाऊक आहे. कुणी म्हणतं दारूपायी हाकलला, कुणी म्हणतं डोळे गेले. बोलू देत. खरं कळलं असतं तर माझ्या बाकड्यावर कुणी बसलं नसतं.

माझा बाप तांडेल होता. म्हणजे बोटीचा कप्तान, आणि बोटही आमचीच. त्या बोटीच्या डिझेलच्या टाकीला काटा नव्हता. बापाने बांबूची एक पट्टी तासून घेतली होती आणि तिच्यावर कोयत्याने खाचा मारल्या होत्या. ती टाकीत बुडवायची, बाहेर काढायची आणि कुठपर्यंत ओली झाली ते बघायचं. एक खाच ओली म्हणजे किहीमपर्यंत जाऊन परत. चार खाचा म्हणजे दोन दिवस दर्यात. बाप शिकलेला नव्हता, पण काठी बघितल्याशिवाय त्याने कधी इंजिनाला हात लावला नाही. आणि आमची एकच बोट, एकच टाकी, त्यामुळे काठीही एकच. ती कुठल्या बोटीची, हे तिच्यावर लिहायची कधी गरज पडली नाही.

मला मासेमारीचा कंटाळा. मासळीच्या वासाचा नव्हे, वाट बघण्याचा. अलिबागला आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचा कोर्स केला आणि आमच्या इथले निम्मे लोक जातात तसा मी आखातात गेलो. तिथे विमानांच्या हँगरमध्ये लादी पुसायचं काम मिळालं. लादी पुसता पुसता पाने ओळखायला लागलो, पाने देता देता नट आवळायला लागलो. मग परीक्षा दिल्या. एकेक पेपर दोन-दोनदा नापास झालो, पण सोडलं नाही. बऱ्याच वर्षांनी विमानाच्या मेकॅनिकचं लायसन हातात आलं, तेव्हा आईला फोन केला. ती म्हणाली, "म्हंजे आता पगार वाडंल ना?" मी म्हटलं, वाढेल. "मग ठीक हाय," म्हणाली आणि शेजारणीशी बोलायला लागली.

पुढे आफ्रिकेतल्या एका देशात गेलो. देशाचं नाव लिहीत नाही, कंपनीचंही नाही. कंपनी कसली, एक मालक आणि दोन छोटी विमानं. रस्ते नसलेल्या रानात औषधं, शाळेची पुस्तकं, मिठाच्या गोण्या, अडलेल्या बाळंतिणी असं सगळं आम्ही ने-आण करायचो. एकदा दहा बकऱ्या नेल्या. एकदा शवपेटी नेली आणि ती आत मावेना म्हणून मागचं दार काढून उडालो. उतरायला धावपट्टी म्हणजे गवताचा एक पट्टा, आणि आधी एक घिरटी घालून त्याच्यावरची गुरं हाकलायची. विमान रानात बंद पडलं तर तिथे मेकॅनिक कुठून आणायचा? म्हणून मालक मला म्हणाला, तूच उडवायला शीक. शिकलो. वयाच्या चाळिशीत पायलट झालो. पायलट लोक मला मेकॅनिक म्हणायचे आणि मेकॅनिक लोक मला पायलट म्हणायचे. दोघांनीही आपल्यातला मानला नाही. लग्न राहिलं ते राहिलंच.

एकटा माणूस तिखट होत जातो. बाप गेल्याचा निरोप मला रानातल्या एका धावपट्टीवर मिळाला, तोही त्याला नेऊन चार दिवस झाल्यावर. मी चाकात हवा भरत होतो. निरोप ऐकला आणि हवा भरत राहिलो. त्या दिवशी रडलो असतो तर बरं झालं असतं, असं आता वाटतं. नंतर मला रडायची सवयच राहिली नाही.

आमच्या विमानांचे पेट्रोलचे काटे म्हणजे शुद्ध थापा. रानातल्या धावपट्ट्यांवर आपटून आपटून ते कायम नाचत असायचे. त्यामुळे पंखावर चढून टाकीचं झाकण उघडायचं आणि आत काठी घालून बघायचं, हीच खरी रीत. कारखान्यातून आलेल्या काठ्या कधीच मोडल्या होत्या. मी म्हटलं, हात्तिच्या, काठीच हवी ना? बापाने केली तशी बांबूची पट्टी तासली, टाकीत दहा-दहा लिटर ओतत गेलो आणि तापल्या तारेने खाचा पाडल्या. दोन विमानं, दोन काठ्या. त्यातल्या एका विमानाच्या टाक्या लांब होत्या, म्हणजे तेवढ्याच खोलीत त्यांत जास्त पेट्रोल मावायचं. म्हणून त्या विमानाच्या काठीवरच्या खाचा जरा जवळजवळ होत्या. ओळखायला म्हणून तिच्या टोकाला लाल दोरा गुंडाळला आणि वर गोंद फासला. आकडे कोरले नाहीत, नाव घातलं नाही. मालक खूश. मीही खूश. माझ्या हातच्या काठ्या!

तो पोरगा आमच्याकडे पायलट म्हणून आला. माणगावचा. तिशी ओलांडलेला, हसरा, आवाज बेसूर, पण गायचा मोठ्यांदा. मी रायगडचा आहे हे कळल्यावर त्याने माझा हात धरला तो सोडेचना. पहिल्या दिवसापासून मला काका म्हणायला लागला. मी म्हटलं, अरे मी तुझा काका-बिका कुणी नाही, कामाचं बोल. तर म्हणाला, "काका, वाल आणलेत घरून. भिजत घालू?" हँगरच्या मागे स्टोव्हवर त्याने वालाचं बिरडं केलं, आणि मी चार वाट्या खाल्ल्या. इतक्या वर्षांत मला कुणी शिजवून घातलं नव्हतं. तो जेवताना बापाबद्दल बोलायचा. बाप जन्मभर गोवा हायवेवर ट्रक चालवत होता, आणि टाकी बघितल्याशिवाय चावी फिरवायची नाही असा त्याचा कडक नियम. मी म्हटलं, तुझा बाप आणि माझा बाप एकाच शाळेतले दिसतात. त्याला काठीची रीत मीच शिकवली. "काट्याकडे बघू नकोस. काठीवर भरवसा ठेव," हे माझे शब्द. असेच्या असे.

मग तो दिवस. दोन्ही विमानं तपासणीला हँगरमध्ये होती. काठ्यांवर मळ चढला होता, म्हणून मी दोन्ही काठ्या पेट्रोलने स्वच्छ धुतल्या आणि बाकावर वाळत ठेवल्या. गोंद विरघळला आणि लाल दोरा सुटून पडला. ते मी बघितलं. बघितलं नाही असं म्हणायची सोय मला नाही. म्हटलं, नंतर गुंडाळू, माझ्या हातची काठी मला ओळखता येणार नाही काय? घाई नव्हती. कुणाशी भांडण झालं नव्हतं. जेवायची वेळ झाली होती, एवढंच. हँगरच्या मागून हाक आली, "काका, बिरडं गार होतंय!" मी एक काठी एका विमानात टाकली आणि दुसरी दुसऱ्यात, आणि हात धुऊन जेवायला गेलो. खाचा मोजून बघायला अर्धा मिनिट लागलं असतं. काठ्या एकमेकींना लावल्या असत्या तर नुसत्या डोळ्यांनी कळलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो छोट्या टाकीचं विमान घेऊन औषधं पोचवायला गेला. हातात मोठ्या टाकीची काठी. ती जेवढं पेट्रोल दाखवत होती तेवढं टाकीत नव्हतं. जाताना पुरलं. येताना, रिकाम्या विमानात एकटा असताना, रानाच्या मधोमध इंजिन बंद पडलं. मी तेव्हा रेडिओपाशी बसलो होतो. मालक बाजूला उभा होता. पोराचा आवाज आला, आणि तो मराठीत बोलला. "काका, इंजिन गेलं. पण मी बघितलं होतं काका, काठी ओली होती." मग झाडं दिसतायत, वाकडं उतरतोय असं काहीतरी, आणि मग खरखर. मालकाने विचारलं, काय म्हणाला? मी म्हणालो, इंजिन बंद पडलं म्हणाला. बाकीचं नीट ऐकू आलं नाही.

त्या क्षणी मला सगळं कळलं होतं. त्या क्षणीच मी खोटं बोललो.

आम्ही पायी पोचलो तेव्हा सगळं संपलं होतं. विमानाला आग लागली नव्हती, कारण जळायला टाकीत काही नव्हतंच. त्याच्या चेहऱ्यावर फारसं लागलेलं नव्हतं. मालक आणि गावातले दोघे त्याला बाहेर काढत होते, आणि मी, त्याचा काका, त्याच्या खुर्चीमागच्या खिशात हात घालून काठी शोधत होतो. सापडली. शर्टाच्या आत सरकवली. परत आल्यावर दुसऱ्या विमानातली काठी काढून तिच्याशेजारी ठेवली आणि खाचा मोजल्या. मग दोन्ही स्टोव्हवर धरल्या. बांबू लगेच पेटतो. ज्या स्टोव्हवर तो बिरडं शिजवायचा, तोच. दुसऱ्या दिवशी उरलेल्या विमानासाठी नवी काठी केली, आकडे कोरून, नाव घालून.

चौकशीला आलेल्या माणसाने विचारलं, पेट्रोल मोजायची काठी होती का? म्हटलं, होती, रानात कुठेतरी पडली असेल. त्याने लिहून घेतलं. अहवाल आला, उड्डाणाआधी पायलटने पेट्रोल तपासलं नाही. एका ओळीत निकाल. मालकाच्या दृष्टीने बरं झालं, माझ्या दृष्टीने तर फारच बरं झालं. मयत माणगावला पोचवायला कंपनीने दुसऱ्याला पाठवलं. मी म्हटलं, मला बरं नाही. ते मात्र खरं होतं. सहा महिन्यांत नोकरी सोडून मी घरी आलो, आणि धक्क्यावर हत्यारांची पेटी उघडून बसलो.

आई विचारायची, "काय झालंय रं तुला? मेलेल्या माशावानी बघतोस." मी तिच्यावर खेकसायचो. बोटींची कामं मी इतकी घासून-पुसून करायचो की लोक वैतागायचे. एक नट तीन-तीनदा आवळून बघायचो, आणि इंजिन देताना मालकासमोर यादी वाचायचो. ते म्हणायचे, अरे बाबा, मासळी आणायला जायचंय, चंद्रावर न्हाय. वाटायचं, असं करत करत एक दिवस फेडलं जाईल. कुणाचं काय फेडलं जाणार होतं, ते देवाला ठाऊक.

मग यंदाच्या मोसमात बर्फाच्या लाद्या घेऊन एक टेम्पोवाला धक्क्यावर आला. माणगावचा. बर्फ उतरवेपर्यंत टपरीवर गप्पा ठोकत बसला. "आमच्याकडं एक ट्रकवाला हाय," तो म्हणाला, "जन्मभर दुनियेला शिकवत बसला, टाकी बघितल्याबिगर चावी फिरवू नका. आनि त्याचाच पोरगा इमानात पेट्रोल न बघता बसला! तिकडं आफ्रिकेत पडून मेला. आता म्हातारा स्टँडवर दिसला की पोरं मुद्दाम विचारतात, काय काका, टाकी बघितली का?" टपरी हसली. एवढं आठवतं, की माझ्या हातातला ग्लास खाली पडला आणि त्या टेम्पोवाल्याची कॉलर माझ्या मुठीत होती. "तुझ्या आयला, काय ठाऊक आहे रे तुला? त्याने बघितलं होतं! त्याने बघितलं होतं!" चौघांनी मला ओढून बाजूला केलं. टेम्पोवाला बिचारा पांढराफटक पडला होता. त्याला काय कळणार?

घरी जाऊन मी आईला सगळं सांगितलं. ती सुकट निवडत ऐकत होती. सांगून झाल्यावर मला वाटलं, ती रडेल, किंवा म्हणेल जाऊ दे बाबा, झालं ते झालं. तिने सूप बाजूला ठेवलं. "मला कशाला सांगतोस?" म्हणाली. "माजा पोर जिता हाय. ज्याचा गेला त्याला जाऊन सांग. आनि तोवर माज्यासमोर जेवायला बसू नकोस." ती खरोखरच बोलल्याप्रमाणे वागली. दोन दिवस माझं ताट बाहेर ओट्यावर आलं.

त्या दोन दिवसांत मी एक पत्र लिहिलं, त्या देशाच्या चौकशी खात्याला. इंग्रजीत, साध्या भाषेत. काठ्या कशा बदलल्या, रेडिओवर तो काय म्हणाला, काठी मी कुठून काढली आणि कशी जाळली. लायसन जाणार हे नक्की, पुढे आणखी काय होईल ते होवो. एक प्रत पोस्टात टाकली, दुसरी खिशात ठेवली आणि सकाळच्या गाडीने निघालो. रोह्याला गाडी बदलली. कोलाडच्या पुढे हायवेचं काम चाललं होतं आणि धुळीमुळे खिडक्या बंद केल्या होत्या. मनात म्हटलं, म्हातारा घरी नसला तर बरं. मग स्वतःचीच लाज वाटली.

घर सापडायला वेळ लागला नाही. हायवे रुंद करताना रस्ता इतका उंच केलाय की घर आता खड्ड्यात असल्यासारखं दिसतं. पडवीत एक माणूस खुर्चीवर बसला होता. साठीच्या पुढचा, रुंद खांद्यांचा, स्टिअरिंग धरून धरून मनगटं जाड झालेली. मी कोण ते सांगितलं. "म्हंजे तुम्ही ते रेवदंड्याचे काका," तो म्हणाला आणि चटकन उठला. "या, या. बसा. लय बोलायचा तुमच्याबद्दल. अगं, पाणी आण." आतून एक बाई पाणी ठेवून गेली, तिच्या हाताला तांदळाचं पीठ होतं. माझ्याकडे बघून ती जराशी हसली, आणि मला वाटलं, इथून पळून जावं.

भिंतीवर देवांच्या तसबिरी होत्या, कॅलेंडर होतं, ट्रकपाशी उभ्या असलेल्या एका तरुण माणसाचा जुना फोटो होता, तो ह्याचाच. मुलाचा कुठे नव्हता. माझी नजर फिरतेय हे त्याच्या लक्षात आलं असावं. "लावला न्हाय," तो म्हणाला. "लोक येतात, फोटो बघतात, मग विचारतात कसा गेला. काय सांगनार? टाकी न बघता गेला? माझा पोरगा?"

मी पाणी प्यालो नाही. म्हटलं, "त्याची चूक नव्हती. चूक माझी होती." आणि मग थांबलोच नाही. काठ्या धुतल्यापासून जाळल्यापर्यंत सगळं सांगितलं. तो ऐकत होता, ड्रायव्हर ऐकतो तसा, मधे मधे नेमकं विचारत. "टाक्या लहान-मोठ्या व्हत्या?" "व्हय." "आनि काठ्या दिसायला सारख्या?" "सारख्या." "काठी जाळली कशापायी?" मी म्हटलं, "घाबरलो. लायसन जाईल म्हणून. तुरुंगात जाईन म्हणून." मी खिशातली पत्राची प्रत काढून त्याच्यासमोर ठेवली. खात्याला हे पाठवलंय, त्याच्या नावावरचा डाग निघेल, असं काहीतरी म्हणालो. त्याने कागदाला हातही लावला नाही. मला वाटलं होतं तो मारेल. मारलं असतं तर मी हात वर केला नसता. खरं सांगायचं तर त्याने मारावं अशी माझी इच्छा होती.

तो उठला, आत गेला आणि मोबाइल घेऊन आला. चष्मा लावून बराच वेळ बोटाने वर सरकवत राहिला. मग स्क्रीन माझ्यासमोर धरली. फोटोत पंख होता, उघडं झाकण होतं आणि त्या पोराच्या मुठीत काठी. माझी काठी. अर्ध्याच्या वर ओली. खाचा जवळजवळ, म्हणजे मोठ्या टाकीची.

"रोज पाठवायचा," म्हातारा म्हणाला. "मीच सांगितलेलं. तिकडं काय करतोस ते मला कळत न्हाय, पन टाकी बघितलीस एवढं रोज दाखव. त्या दिवशीबी आला."

मला हे ठाऊक नव्हतं. त्याने मला कधी सांगितलं नव्हतं, लाजत असेल. मी विचारलं, मग हा फोटो तुम्ही चौकशीवाल्यांना दाखवला नाही?

"कशाला दाखवू?" त्याचा आवाज चढला. "सरकारी कागदावर लिवलेलं, बघितलं न्हाय. मला वाटलं, पोराने आळस केला. कालचाच फोटो परत पाठवला, बापाला गप करायला. ही मला सांगत व्हती, न्हाय हो, तो असं करनार न्हाय. मी हिला म्हटलं, गप बस, तुला काय कळतं, खोटारडा निघाला तुझा पोरगा. मेलेल्या पोराला मी..." दोन बोटांनी तो फोटो मोठा करत राहिला, खाचा मोजत असल्यासारखा. मोठा करता करता फोटो पुसट झाला, तरी बोटं थांबेनात. मी माझ्या छातीवरचा दगड उचलायला आलो होतो, आणि तो उचलून मी ह्या माणसाच्या छातीवर ठेवला होता. मला हे आधी का कळलं नाही? कळून तरी मी काय केलं असतं?

"अगं," त्याने हाक मारली. ती बाई पीठ लागलेले हात पदराला पुसत दारात आली. त्याने तिच्याकडे बघितलं आणि नजर खाली घातली.

"त्यानं बघितली व्हती टाकी," तो म्हणाला.

"मी कधी न्हाय म्हटलं?" ती म्हणाली. अगदी साध्या आवाजात. मग तिने समोर ठेवलेला कागद बघितला, नवऱ्याचा चेहरा बघितला, आणि आतून सगळं ऐकलेलं असावं तशी माझ्याकडे वळली. मघाचं हसू तिच्या चेहऱ्यावर नव्हतं.

"तुम्हाला ठाऊक व्हतं," तिने विचारलं, "तर इतकी वर्षं कुठं व्हतात तुम्ही?"

"इथंच," मी म्हणालो. "रेवदंड्याला."